बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को : किती लांब, किती वेळ?

दुपारी अडीचला बेंगळुरूहून निघायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सॅन फ्रान्सिस्कोत उतरायचं, असं हिवाळ्यातल्या एखाद्या थेट विमानाच्या तिकिटावर दिसू शकतं. पहिल्यांदा अमेरिकेला निघालेले आजी-आजोबा ते वाचून सुखावतात. अडीच तासांचाच तर प्रश्न आहे! प्रत्यक्षात त्या दोन आकड्यांच्या मध्ये सोळा तासांचं उड्डाण लपलेलं असतं. परतीचं तिकीट याच्या नेमकं उलट घाबरवतं. शनिवारी रात्री निघालेलं विमान सोमवारी पहाटे पोहोचतं आणि अख्खा रविवार कुठे गेला ते कळत नाही.

बेंगळुरू आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा बे एरिया ही सॉफ्टवेअरच्या धंद्याने जोडलेली दोन टोकं. सनीवेल, क्युपर्टिनो, फ्रीमाँट, सॅन होजे ही नावं बेंगळुरूतल्या मराठी घरांत आता पुण्या-नाशिकइतक्या सहज तोंडी येतात. कुणाची लेक तिथे असते, कुणाचा मुलगा कंपनीच्या कामासाठी ये-जा करतो, आणि बाळंतपण आलं की इथून आई निघते. अशा घरांत दर वर्षी एकच प्रश्न विचारला जातो: तिथे जायला नक्की किती वेळ लागतो? किलोमीटरचा आकडा पाहून याचं उत्तर मिळत नाही. ते कसं काढायचं, ते पाहू.

सुरुवात घड्याळापासून करावी. विमानाच्या तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. सुटण्याची वेळ बेंगळुरूची, उतरण्याची सॅन फ्रान्सिस्कोची. हिवाळ्यात कॅलिफोर्निया भारताच्या साडेतेरा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत हा फरक साडेबारा तासांचा राहतो. भारतात घड्याळ हलत नाही, त्यामुळे बदल नेहमी त्यांच्याच बाजूने होतो. तेच दुपारी अडीचचं, सोळा तासांचं विमान जुलैत संध्याकाळी सहाला उतरेल. उन्हाळ्यापुरती एक सोपी युक्ती आहे. आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करायचा आणि सकाळच्या जागी आदली रात्र धरायची. बेंगळुरूत सकाळचे दहा म्हणजे तिथे आदल्या रात्रीचे साडेनऊ. हिवाळ्यात त्यातून आणखी एक तास कमी करायचा.

ही आकडेमोड पक्की करायला एक खरं उड्डाण घेऊ. ९ जानेवारी २०२१ला, शनिवारी, एअर इंडियाचं पहिलं थेट विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूकडे निघालं. तिथे रात्रीचे साडेआठ वाजले होते, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळचे दहा. सोमवारी, ११ तारखेला पहाटे तीन वाजून गेल्यावर ते केंपेगौडा विमानतळावर उतरलं. दोन्ही वेळा भारतीय घड्याळात आणल्या की उत्तर मिळतं: सुमारे सतरा तास. तिकिटाच्या तारखा नुसत्या एकमेकींतून वजा केल्या असत्या, तर तीस तासांहून जास्त भरले असते. म्हणून नियम असा की आधी दोन्ही वेळा एका गावच्या करायच्या आणि मगच वजाबाकी करायची. एकाच तिकिटावर सगळा प्रवास असेल, तर विमान कंपन्या एकूण कालावधी वेगळा छापतात. तो आकडा खरा धरायला हरकत नाही.

त्या उड्डाणाची त्या वेळी देशभर चर्चा झाली, कारण बोईंग ७७७-२००एलआर जातीचं ते विमान चालवणाऱ्या चौघीही स्त्रिया होत्या: कॅप्टन झोया अग्रवाल, पापागारी तन्मयी, आकांक्षा सोनावरे आणि शिवानी मन्हास. विमान उत्तर ध्रुवावरून आलं आणि बातम्यांमध्ये प्रवासाचं अंतर सुमारे १६,००० किलोमीटर सांगितलं गेलं. पण या दोन विमानतळांमधलं सर्वांत कमी अंतर काढलं तर ते जेमतेम १४,००० किलोमीटर भरतं. मग हे दोन हजार किलोमीटर आले कुठून?

भिंतीवरच्या नकाशात याचं उत्तर शोधायला गेलं तर दिशाभूल होते. तिथे बेंगळुरूपासून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत पट्टी ठेवली की ती आफ्रिका आणि अटलांटिक ओलांडून जाते. घरात पृथ्वीचा गोल असेल तर दोन्ही शहरांमध्ये एक दोरा ताणून धरावा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो. बेंगळुरूहून तो उत्तरेकडे, किंचित पूर्वेला कलून निघतो. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, नेपाळ, तिबेट असं करत मंगोलिया आणि बैकल सरोवराच्या भागातून सैबेरियात शिरतो, आर्क्टिकच्या किनाऱ्यालगत सुमारे ७१ अंश उत्तरेपर्यंत चढतो आणि अलास्कावरून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे उतरतो. ऑनलाइन साइटवर 'बेंगळुरू ते सॅन फ्रान्सिस्को अंतर' म्हणून दिसणारा आकडा याच दोऱ्याचा असतो.

या दोऱ्यावरून विमान मात्र जात नाही. पहिली अडचण तिबेटची. विमानातला हवेचा दाब अचानक कमी झाला तर वैमानिकाला झपाट्याने दहा हजार फुटांपर्यंत, म्हणजे तीनेक हजार मीटरवर यावं लागतं, कारण तिथे ऑक्सिजनच्या मुखवट्याशिवाय श्वास घेता येतो. तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर उंचीचं. खाली यायला जागाच नाही. म्हणून प्रवासी विमानं शक्यतो हा भाग टाळून वळसा घालतात.

दुसरी गोष्ट वाऱ्याची, आणि वेळेवर सर्वांत जास्त सत्ता तिचीच चालते. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, मध्यम अक्षांशांच्या पट्ट्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते सर्वांत जोरात असतात, कधीकधी ताशी तीनशे किलोमीटरच्याही पुढे जातात. मोठं विमान साधारण ताशी ९०० किलोमीटर वेगाने चालतं. चौदा हजार किलोमीटरच्या वाटेवर सरासरी साठ किलोमीटरचा वारा पाठीशी मिळाला तर साडेचौदा तास पुरतात, तोच समोरून आला तर साडेसोळाहून जास्त लागतात. अंतर तेच, फरक दोन तासांचा! म्हणून बेंगळुरूहून पूर्वेकडे, पॅसिफिकवरून जाणारं विमान हा वारा पाठीशी घेतं. परतीच्या विमानाला तो टाळायचा असतो. ध्रुवाकडे त्याचा जोर कमी, त्यामुळे लांबची वाट धरूनही सौदा परवडतो. नेमका मार्ग त्या दिवशीचा वारा पाहून ठरतो. सोमवारी जपानजवळून गेलेलं विमान गुरुवारी वेगळ्याच वाटेने गेलेलं दिसलं तर त्यात नवल नाही.

ध्रुवावरची वाट म्हणजे फुकटची सोय नव्हे. बाहेरची थंडी इतकी असते की टाक्यांमधल्या इंधनाच्या तापमानावर सतत लक्ष ठेवावं लागतं. विमानाचं नेहमीचं जेट ए-१ इंधन उणे ४७ अंशांच्या आसपास गोठू लागतं. शिवाय संकटात उतरायचं तर मोठी शहरं हजारो किलोमीटर दूर. याचा प्रत्यय जून २०२३मध्ये आला. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगादान गावी उतरलं. दोनशेहून जास्त प्रवासी तिथे अडकले, आणि मुंबईहून पाठवलेलं दुसरं विमान येईपर्यंत त्यांना तात्पुरत्या निवाऱ्यात राहावं लागलं. अशी वेळ क्वचितच येते. पण रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या चेक-इनच्या बॅगेत टाकणाऱ्यांनी ही घटना जरूर आठवावी. औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, एक स्वेटर आणि एका दिवसाचे कपडे कायम हातातल्या बॅगेत ठेवावेत.

तिसरी गोष्ट परवानगीची. आकाश मोकळं दिसतं, पण ते देशादेशांत वाटलेलं आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाचं आकाश युरोप-अमेरिकेच्या कंपन्यांना बंद झालं. भारतीय कंपन्यांना ते खुलं राहिलं. युनायटेड एअरलाइन्सने सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू आणि अमेरिकन एअरलाइन्सने सिएटल–बेंगळुरू अशी थेट विमानं त्याआधी जाहीर केली होती. करोनामुळे ती लांबली आणि पुढे सुरूच झाली नाहीत. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद झालं. त्याचा सर्वांत मोठा फटका दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना बसला. काहींना इंधनासाठी वाटेत युरोपात उतरावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये आखातातल्या तणावामुळे कतारचं आकाश काही तासांसाठी बंद झालं आणि दोहामार्गे जाणारे हजारो प्रवासी खोळंबले. तेव्हा तिकीट घेताना मागच्या वर्षी शेजाऱ्यांना किती तास लागले, यावर विसंबू नये. थेट विमानं हंगामानुसार सुरू होतात, कमी होतात, बंदही पडतात. आपल्या तारखेला ते विमान खरोखर चालू आहे का, ते कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहावं.

थेट विमान नसेल तर एका थांब्याचा प्रवास. इथे दोऱ्याचा हिशेब पुन्हा कामी येतो, कारण कोणता थांबा वाटेवर आहे आणि कोणता आडवाटेला, ते त्यावरून कळतं. कागदावर दिल्ली सर्वांत सरळ. बेंगळुरू–दिल्ली आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही अंतरं मिळून सुमारे १४,१०० किलोमीटर भरतात. म्हणजे दोऱ्यापासून फारकत जेमतेम शंभर किलोमीटरची. टोकियोमार्गे १४,९०० होतात, दुबईमार्गे १५,७००, आणि फ्रँकफर्ट, लंडन किंवा सिंगापूरमार्गे साडेसोळा हजार ते पावणेसतरा हजारांच्या दरम्यान. टोकियो आणि सिंगापूर दोन्ही पूर्वेकडे असूनही त्यांच्यात अठराशे किलोमीटरचा, म्हणजे दोन तासांचा फरक पडतो, हे नकाशाकडे पाहून सहसा लक्षात येत नाही.

पण इतकंच पाहून तिकीट काढू नये. दोन तुकडे कसे पडतात, हेही महत्त्वाचं. दुबई किंवा सिंगापूर गाठायला चार-साडेचार तास लागतात आणि मग पंधरा-सोळा तासांचा दुसरा तुकडा उरतोच. म्हणजे उतरण्या-चढण्याची दगदगही होते आणि लांब बसणंही टळत नाही. फ्रँकफर्ट किंवा लंडनमार्गे अंतर वाढतं, पण प्रवास साधारण दहा-अकरा तासांच्या दोन भागांत वाटला जातो. गुडघेदुखी असलेल्या माणसाला मध्ये दोन तास चालायला मिळणं हे अर्ध्या तासाच्या बचतीपेक्षा मोलाचं असतं. उलट इंग्रजीची सवय नसलेल्या, एकट्याने निघालेल्या आईसाठी थेट विमान किंवा दिल्लीचा थांबा बरा. अडलं तर हिंदीत विचारता येतं. मात्र डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं असतं. तेव्हा दोन विमानांमध्ये दीड तास ठेवणं म्हणजे जुगार. तीन-चार तास ठेवावेत.

सगळा प्रवास एकाच तिकिटावर असावा, हा आग्रह कधी सोडू नये. दोन वेगळी तिकिटं घेतली तर पाच-सात हजार वाचतात खरे. पण पहिलं विमान लांबलं आणि दुसरं सुटलं तर दुसरी कंपनी ती जबाबदारी घेत नाही. सामानही मध्ये सोडवून पुन्हा द्यावं लागू शकतं, आणि ते घ्यायला बाहेर पडायचं तर त्या देशाचा व्हिसा लागतो. नुसत्या थांब्यासाठीही काही देश ट्रान्झिट व्हिसा मागतात. हे नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी पाहून घ्यावेत. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमान बदलायचं असेल, म्हणजे आधी न्यूयॉर्क किंवा शिकागो आणि मग सॅन फ्रान्सिस्को, तर पहिल्याच विमानतळावर इमिग्रेशन होतं. तिथे स्वतःचं सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्यावं लागतं. यासाठी किमान तीन तास हवेत.

आता बेंगळुरूच्या रस्त्यांकडे वळू. जुना एचएएल विमानतळ शहरातच होता. मे २००८मध्ये देवनहळ्ळीजवळचा विमानतळ सुरू झाला आणि प्रवासाचा पहिला टप्पा मॅजेस्टिकपासून पस्तीसेक किलोमीटरचा झाला. इलेक्ट्रॉनिक सिटीहून तो पंचावन्नच्या आसपास भरतो, आणि वाटेत सिल्क बोर्ड, हेब्बाळ ही ठिकाणं आहेत ज्यांची नावं ऐकूनच बेंगळुरूकर सुस्कारा टाकतो. या पंचावन्न किलोमीटरला पहाटे सव्वा तास लागतो आणि संध्याकाळी सहाला अडीच तासही. तेवढ्यात विमान दुबईची निम्मी वाट ओलांडतं! बीएमटीसीच्या वायु वज्र बसगाड्या शहराच्या बहुतेक भागांतून विमानतळावर जातात. एकट्या माणसाला त्या सोयीच्या, पण दोन-दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर टॅक्सीच बरी. आंतरराष्ट्रीय उड्डाणं सप्टेंबर २०२३पासून टर्मिनल २वरून होतात. टॅक्सीवाल्याला तेवढं आधी सांगावं. विमानाच्या तीन तास आधी दारात, असा हिशेब धरावा. हिवाळ्यात देवनहळ्ळीच्या माळावर पहाटे धुकं उतरतं, त्या दिवसांत पहाटेच्या विमानाला उशीर होणार हे गृहीत धरावं.

बेळगाव, कोल्हापूर किंवा सोलापूरहून येणाऱ्यांचा हिशेब आणखी लांबतो. मुंबईहून पुणे-सोलापूरमार्गे येणारी उद्यान एक्सप्रेस अकराशे-साडेअकराशे किलोमीटरला जवळजवळ एक अख्खा दिवस घेते, म्हणजे ध्रुवावरून येणाऱ्या विमानापेक्षाही जास्त वेळ. ज्या दिवशी गाडी पोहोचणार त्याच दिवशीचं आंतरराष्ट्रीय विमान पकडण्याचं धाडस करू नये. एक रात्र बेंगळुरूत नातेवाइकांकडे किंवा विमानतळाजवळच्या लॉजवर काढावी. झोपही होते आणि एखादा कागद राहिला असेल तर तो मागवायला वेळ मिळतो.

सगळे तुकडे जोडून पाहू. इलेक्ट्रॉनिक सिटीतलं एक घर, दुपारी अडीचचं थेट विमान. घरातून सकाळी साडेनऊला निघणं सुरक्षित, म्हणजे उड्डाणाआधी पाच तास गेले. उड्डाण सोळा तासांचं. उतरल्यावर इमिग्रेशनची रांग, सामान आणि कस्टम यांना एक ते दोन तास, आणि तिथून सनीवेलपर्यंत गाडीने पाऊण-एक तास. घर ते घर पावणेतेवीस ते चोवीस तास. एका थांब्याचं विमान असेल तर यात सहा ते आठ तास मिळवावेत. मुलांनी आई-बाबांना सांगायचा आकडा हा. नुसते 'सोळा तास' सांगितले की ते जेवणाचा डबा आणि औषधं त्याच बेताने घेतात.

विमानात एका जागी चार तासांहून जास्त बसून राहिलं की पायांच्या शिरांमध्ये रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. दर दीड-दोन तासांनी उठून चालावं, पावलं फिरवत राहावं, पाणी पीत राहावं. आधी असा त्रास झालेल्यांनी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि गरोदर बायकांनी डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्याआधी डॉक्टरांकडून तासांप्रमाणे वेळापत्रक लिहून घ्यावं. 'सकाळचं' आणि 'रात्रीचं' इंजेक्शन या शब्दांना आकाशात अर्थ उरत नाही. व्हीलचेअर हवी असेल तर ती तिकीट काढतानाच मागावी, नाहीतर निदान दोन दिवस आधी कंपनीला फोन करावा. ती मागण्यात कमीपणा काही नाही. मोठ्या विमानतळांवर दोन दारांमधलं अंतर एक किलोमीटरच्या वर जातं.

जेट लॅगचा विचारही या वाटेवर वेगळा करावा लागतो. दुबई किंवा लंडनला गेलं तर शरीराचं घड्याळ काही तास मागे-पुढे होतं. इथे दिवस आणि रात्र पूर्ण उलटतात. सावरायला आठवडा ते दहा दिवस लागले तर काळजी करू नये. पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळच्या उन्हात अर्धा तास फिरावं आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आटोपती घ्यावी. कामासाठी जाणाऱ्यांनी महत्त्वाची बैठक दुसऱ्याच दिवशी ठेवू नये. बाळंतपणासाठी जाणाऱ्या आईने अपेक्षित तारखेच्या निदान दोन-तीन आठवडे आधी पोहोचावं, म्हणजे रात्री दोनला रडणाऱ्या बाळाबरोबर स्वतःच्या झोपेचं गणितही सोडवत बसावं लागणार नाही.

सामानाबाबत एकच सूचना, कारण ती वेळेशी जोडलेली आहे. अमेरिकेला जाणाऱ्या विमानात हातातल्या बॅगेत साडेतीनशे मिलीलीटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती सुरक्षा तपासणीत वेगळी काढून पाहिली जाते आणि अडवलीही जाऊ शकते. मेतकूट, गोडा मसाला आणि डिंकाच्या लाडवांसाठीचं पीठ चेक-इनच्या बॅगेत घालावं. ताजी फळं, भाज्या, बिया आणि मांसाचे पदार्थ न्यायचेच नाहीत. कस्टममध्ये खाण्याचे पदार्थ आहेत का, असं विचारलं तर 'हो' म्हणावं. लाडू-चिवडा सांगितल्यावर अधिकारी बहुधा एक नजर टाकून सोडतात. न सांगता सापडला तर दंड होऊ शकतो, आणि बाहेर गाडी घेऊन उभ्या असलेल्या जावयाला आणखी तासभर थांबावं लागतं.